एकशे चव्वेचाळिसावं नाव

पाळक व्हायला निघालेल्या माणसाला बोलावतो देव, हे खरं. पण त्यापुढचं सगळं फॉर्मवर असतं.

सेमिनरीतल्या शिक्षणाची तीन वर्षं संपली की उमेदवाराला एखाद्या चर्चच्या मंडळीत नऊ महिने राहायला पाठवत. तिथे त्यानं उपासना चालवायची, घरोघरी भेटी द्यायच्या, लोकांचं ऐकून घ्यायचं आणि स्वतःचं कमीत कमी ऐकवायचं. शेवटी त्या मंडळीचे पंच एक फॉर्म भरून देत. त्यावर प्रश्न एकच: 'हा उमेदवार दीक्षेस योग्य आहे काय?' खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन, आणि त्याखाली शेऱ्यासाठी दोन ओळी.

आपल्या उमेदवाराचा एक फॉर्म आधीच वाया गेलेला होता. पहिल्या मंडळीत त्यानं संयम या विषयावर एक तास दहा मिनिटं प्रवचन केलं. पंचांनी 'नाही'वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'आमचा संपला.'

आता ही दुसरी मंडळी, आणि दुसरी म्हणजे शेवटची. इथूनही 'नाही' आलं की सेमिनरीचा रस्ता कायमचा बंद आणि थोरल्या भावाचं गाद्यांचं दुकान कायमचं उघडं. दादा दर शनिवारी फोन करायचा.

"कसं चाललंय?"

"देवाच्या कृपेनं बरं चाललंय, दादा."

"चालू दे. गाद्या काही कुठे पळून जात नाहीत."

दादाच्या बोलण्यात प्रेम होतं. पण त्या प्रेमाखाली कापूस भरलेला ऐकू यायचा.

मंडळीत मोठे पाळक होतेच. त्यामुळे आपल्याला छोटे पाळक म्हणतील अशी उमेदवाराची समजूत होती. पहिल्याच रविवारी त्याचं नाव 'अर्धे पाळक' पडलं आणि ते इतक्या सहज पडलं की तिसऱ्या आठवड्यात तो फोनवर दादाला म्हणाला, "हॅलो, मी अर्धा बोलतोय."

मोठ्या पाळकांनी त्याला पहिल्या दिवशी ऑफिसात बसवून काम समजावलं. ऑफिस म्हणजे देवळाच्या (चर्चला सगळे देऊळच म्हणत) बाजूची खोली. तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिळ्याला लटकवलेली एक जाड निळी वही.

"ही आजाऱ्यांची यादी," मोठे पाळक म्हणाले. "दर रविवारी उपासनेत वाचायची. प्रत्येकाचं नाव आणि दुखणं. मग सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना. कोणी नवीन नाव सांगितलं तर शेवटी लिहायचं."

"आणि बरं झालेल्यांचं नाव?"

मोठ्या पाळकांनी वही खिळ्यावर सरळ केली. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा.

"ते ज्याचं त्यानं उभं राहून सांगायचं असतं," ते म्हणाले. "भर उपासनेत. 'मी बरा झालो.' मग नाव खोडतात."

"किती जणांनी सांगितलं?"

"माझ्या वेळेत?" मोठ्या पाळकांनी आठवून पाहिलं. "मी इथे अठराच वर्षं आहे."

यादीत एकशे बेचाळीस नावं होती. मंडळीचे सभासद एकशे एकोणतीस. हा हिशेब अर्ध्या पाळकानं तीनदा केला. मग त्याला कळलं की यादीत परदेशी जाऊन स्थायिक झालेली चार कुटुंबं आहेत, मंडळीच्या सेक्रेटरींची गाडी आहे (दुखणं: थंडीत सुरू होत नाही), आणि सोळा नंबरचे आजोबा मागच्याच वर्षी वारले आहेत. त्यांचं नाव काढू का, असं त्यानं त्यांच्या सूनबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. तेवढाच त्यांना आधार."

यादी वाचायला सव्वीस मिनिटं लागायची. प्रवचनाला उरायची आठ. त्यामुळे त्याची प्रवचनं आपोआप सुधारली. दोन आठवड्यांनी मोठ्या पाळकांचा घसा बसला, त्यांचं नाव एकशे त्रेचाळिसावं म्हणून वहीत चढलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी प्रवचनच काय, बोलणंही सोडलं. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून देत. चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'छान' असं असायचं.

अर्धा पाळक मेहनती होता. यादीतल्या प्रत्येकाला घरी जाऊन भेटायचं त्यानं ठरवलं. सुरुवात पंचांपासून केली, कारण फॉर्म पंचांच्या हातात होता.

पंच तीन. पहिल्यांची लाकडाची वखार, म्हणून ते वखारवाले. यादीत नऊ वर्षांपासून, दुखणं पाठ. अर्धा पाळक वखारीत शिरला तेव्हा वखारवाले खांद्यावर सागाची भलीमोठी तुळई घेऊन ट्रककडे निघाले होते.

"काका, पाठ कशी आहे?"

वखारवाले थांबले. तुळई खांद्यावरच.

"प्रार्थनेनं तग धरून आहे," ते म्हणाले.

"उतरवून ठेवता का जरा? बोलू या."

"उतरवली तर परत उचलायला वाकावं लागेल. आणि वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय."

मग पंधरा मिनिटं ते तुळईसकट बोलले. मधे एकदा वळून त्यांनी कामगाराला हाक मारली, तेव्हा अर्धा पाळक वेळेवर खाली बसला म्हणून वाचला.

दुसरे पंच घड्याळवाले. यादीत अकरा वर्षं, दुखणं मान. त्यांचं आणि वखारवाल्यांचं वीस वर्षांपासून जमत नव्हतं. का ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण म्हणून कोणी सोडून देईल अशी ती माणसं नव्हती. डोळ्याला भिंग लावून घड्याळवाल्यांनी विचारलं, "वखारवाल्याला भेटून आलात? कशी आहे म्हणतो पाठ?"

"तग धरून आहे म्हणाले."

"ढोंग आहे सगळं," घड्याळवाले म्हणाले, आणि दारातून कोण चाललंय ते बघायला त्यांनी मान घुबडासारखी गर्रकन मागे फिरवली.

तिसरे पंच निवृत्त हेडमास्तर. दुखणं खोकला. अर्धा पाळक तासभर बसला, पण खोकला काही झाला नाही. निघताना हेडमास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दारापर्यंत येऊन दोनदा खोकून दाखवलं.

या सगळ्याचा उलगडा त्याला मावशींनी केला.

मावशी म्हणजे निवृत्त नर्स, वय अडुसष्ट, एकट्या राहायच्या. देवळाचं दार त्या उघडायच्या, घंटा त्या वाजवायच्या, बाकं पुसायच्या, पियानो वाजवायच्या, उपासनेनंतर सगळ्यांना चहा द्यायच्या आणि कप धुऊन दार लावून घरी जायच्या. पहिले काही महिने अर्ध्या पाळकाला वाटलं, मावशींना कामाची हौस आहे. एका गुरुवारी तो त्यांच्याबरोबर बाकं पुसत असताना म्हणाला, "मावशी, यादीत तुमचं नाव कसं नाही हो? सगळ्या मंडळीत तुम्ही एकट्याच."

"म्हणून तर बाकं पुसतेय," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अरे, तुला कोणी सांगितलं नाही होय? फार पूर्वी एका पाळकांनी पाय मोडलेल्या माणसाला बाकं उचलायला लावली. तो पडला, दुसरा पाय मोडला. मग पंचांनी ठराव केला, ज्याचं नाव यादीत त्याला देवळाचं काम सांगायचं नाही. चांगला ठराव होता. पुढच्या महिन्यात चाळीस जण आजारी पडले."

अर्ध्या पाळकाच्या हातातलं फडकं थांबलं.

"आणि पंच?"

"तेव्हाचे पंच सगळ्यात आधी."

"पण मग पंचांची कामं कोण करतं?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. एखाद्या पेशंटला आपला आजार आपोआप कळावा म्हणून नर्स बघते, तसं.

"फॉर्मसुद्धा?" त्यानं हळूच विचारलं.

"गेली नऊ वर्षं मीच भरते. ते नुसत्या सह्या करतात. सहीला काम म्हणत नाहीत, असा वेगळा ठराव आहे." त्यांनी फडकं पिळलं. "तू काळजी करू नको बाळा. तुझ्या फॉर्मवर मी 'होय' लिहिणार आहे. तोवर फक्त एक कर. यादी वाच आणि गप्प बस."

त्या शनिवारी अर्धा पाळक दादाशी इतक्या आनंदात बोलला की दादाच घाबरला. "बरा आहेस ना रे?" म्हणाला. अर्धा पाळक "एकदम बरा" म्हणाला. बरं असल्याचं या मंडळीत कोणी मोठ्यानं कबूल करण्याचा तोवरचा तो एकमेव प्रसंग.

शेवटच्या रविवारला चार दिवस राहिले असताना तो पियानोमागे सांडलेल्या वह्या आवरायला वाकला आणि त्याला तिथे एक काठी सापडली. चांगली रबरी बुडाची, हॉस्पिटलात देतात तसली. काठीला रबरबँडनं एक पत्र गुंडाळलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्याला सेमिनरीत शिकवलं होतं, पण ते मजकुराची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेलं होतं आणि अक्षरं मोठी होती. मावशींच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलं होतं, पेशंटच्या विनंतीवरून. आता चौथ्यांदा, पुढच्या बुधवारची तारीख दिली होती. ही चुकली तर पुढची तारीख देता येणार नाही, आणि पाय कायमचा आखडेल.

मावशी चहाच्या खोलीतून आल्या. भिंतीला हात लावत आल्या. आजवर त्याला वाटायचं, भिंतीवरची धूळ बघतात.

"ठेव ती जागेवर," त्या म्हणाल्या.

"मावशी, पुढच्या बुधवारी जा तुम्ही."

"आणि दीड महिना दार कोण उघडणार? तुझा तर हा शेवटचा रविवार. पियानो कोण वाजवणार, मोठे पाळक? चिठ्ठी लिहून?"

"यादीत नाव घालू या तुमचं. मग कोणी काही म्हणणार नाही."

मावशी एकदम बाकावर बसल्या. दुखल्यामुळे बसल्या की रागानं, ते कळलं नाही.

"माझं नाव वाचलंस तर तुझा फॉर्म कोण भरेल, गाढवा? मला काम सांगता येणार नाही. मग वखारवाले भरतील. तू त्यांना तुळई उतरव म्हणालास, ते अजून सगळ्या गावाला सांगत फिरतात. 'नाही'वर अशी खूण करतील की कागद फाटेल."

ते खरं होतं. अर्ध्या पाळकानं काठी जागेवर ठेवली. पुढचे तीन दिवस त्यानं ठरवल्याप्रमाणे गप्प बसून काढले. पण तो गप्प बसला की त्याला ऐकू यायचं. मावशींचं एक पाऊल पडायचं आणि दुसरं ओढलं जायचं. हे नऊ महिने आपल्या कानावर पडत होतं आणि आपण ते काय म्हणून ऐकत होतो, हे त्याला आठवेना. प्रार्थना करायला बसला तर देवाकडून काही उत्तर आलं नाही. एवढंच वाटलं की देवही यादीत असावा, आणि त्यालाही काम सांगायची चोरी.

रविवारी त्यानं यादी वाचायला घेतली. वखारवाले, पाठ. घड्याळवाले, मान. हेडमास्तर, खोकला. लोक नेहमीप्रमाणे डोळे मिटून आपापलं नाव आलं की समाधानानं मान हलवत होते. सव्वीस मिनिटांनी तो एकशे त्रेचाळीसवर आला. मोठे पाळक, घसा. मोठ्या पाळकांनी मान हलवली. पियानोवर मावशींनी गीताचं पान उघडलं.

"एकशे चव्वेचाळीस," अर्धा पाळक म्हणाला. "मावशी. डावा खुबा. बुधवारी ऑपरेशन."

एकशे एकोणतीस जणांनी डोळे उघडले. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे यादीत गेला असता. मग त्यांनी काहीच झालं नाही अशा थाटात पियानोवर हात ठेवले आणि पहिला सूर लावला.

"थांबा!" वखारवाले ओरडले. ते ठराव मानणारे गृहस्थ होते. "नाव वाचलं गेलंय. आता काम नाही."

"अहो, गीत नको का म्हणायला?" मावशी म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम. उद्या प्रत्येक आजारी माणूस उठून पियानो वाजवू लागला तर मंडळी चालायची कशी?"

मग गीत पियानोशिवाय झालं. बाया एका चालीत होत्या, पुरुष दुसऱ्या, आणि मोठे पाळक नुसतेच ओठ हलवत होते. डावीकडची बाकं चौथं कडवं म्हणून बसली तेव्हा उजवीकडे तिसरं चालू होतं. उपासना संपली. लोक सवयीनं मागच्या चहाच्या खोलीत गेले आणि रिकाम्या किटलीभोवती उभे राहिले. कोणी तिला हात लावला नाही. एकानं झाकण उचलून आत पाहिलं आणि परत ठेवलं. मावशींना तिसऱ्या बाकावर बसवलं होतं. त्या बाकावर त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. पुसलं मात्र हजारदा होतं.

इकडे ऑफिसात पंच जमले. फॉर्म टेबलावर होता. सोमवारी सकाळी तो सेमिनरीत पोचायला हवा होता. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग दाराकडे, मावशी येतील म्हणून. अर्धा पाळक भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे गाद्या दिसत होत्या, सिंगल, डबल, आणि पाळण्यातल्या छोट्या.

"मी भरला असता," वखारवाले म्हणाले. "आणि काय भरलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पाठ."

"पाठीवर लिहायचं नाहीये," घड्याळवाले म्हणाले.

"मग तू भर."

"माझी मान! खाली बघून लिहायचं म्हणजे..."

हेडमास्तरांनी एव्हाना फॉर्म उलटा केला होता. मागची बारीक अक्षरं त्यांच्याशिवाय आजवर कोणी वाचलेली नसणार. त्यांनी घसा साफ केला.

"इथे लिहिलंय, 'फॉर्म मुदतीत न आल्यास उमेदवार त्याच मंडळीत आणखी नऊ महिने राहील.'"

मागच्या खोलीतून किटलीचं झाकण परत एकदा उचलल्याचा आवाज आला.

"आणखी नऊ महिने?" वखारवाले म्हणाले. "हा? घरोघरी फिरून तब्येत विचारणार?"

ते ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. ते देवळात गेले, लोकांना मागच्या खोलीतून हाकून बाकांवर आणलं, वेदीसमोर उभे राहिले आणि लाकूडबाजारात लिलाव पुकारावा तसे गरजले, "मी बरा झालो!"

अठरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी बरं झालं होतं. मागच्या बाकावरची एक म्हातारी रडू लागली. मोठ्या पाळकांनी घाईघाईनं चिठ्ठी लिहून वर धरली. 'छान.'

वखारवाले ऑफिसात परतले, पेन उचललं, वाकले (आवाज झाला नाही), आणि 'नाही'वर खूण करणार इतक्यात घड्याळवाल्यांनी फॉर्म ओढला.

"एकट्यानं कशी खूण करतोस? बहुमत लागतं."

"दुसरा कोण बरा आहे इथे?"

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग खिशात टाकलं, देवळात गेले आणि 'मीही बरा झालो' म्हणून आले. "माझं 'होय'," ते म्हणाले.

"का?"

"तुझं 'नाही' म्हणून."

आता म्हातारी हुंदके देत होती आणि तिच्या शेजारची दुसरी कोणी तरी तिला धरून बसली होती. एकास एक. दोघंही हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तरांनी नेहमीप्रमाणे खोकायला तोंड उघडलं, पण मग त्यांची नजर उघड्या दारातून तिसऱ्या बाकावर गेली. मावशी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. रिकाम्या हातांचं काय करतात ते न कळल्यासारख्या. हेडमास्तरांनी तोंड मिटलं. ते उठून बाहेर गेले. मोठ्यानं काही ओरडले नाहीत. मावशींच्या बाकापाशी थांबून एवढंच म्हणाले, "बाई, मला खोकला नाही. कधीच नव्हता." ते सगळ्यांना ऐकू आलं.

परत येऊन त्यांनी पेन घेतलं, तपासलेल्या पेपरावर मार्क लिहावेत तसं सावकाश 'होय'च्या चौकोनात खूण केली, आणि शेऱ्याच्या दोन ओळी भरल्या. मग फॉर्म डोळ्यांसमोर धरून वाचला.

"'उमेदवाराने अर्ध्या तासात तिघांना बरे केले. योग्य आहे. मात्र लगेच नेऊ नये, अजून एकशे एकेचाळीस शिल्लक आहेत.'"

"मला त्यानं नाही बरं केलं," वखारवाले फणकारले. "मी माझा मी बरा झालो. तसं लिहा."

"जागा संपली," हेडमास्तर म्हणाले.

वखारवाल्यांनी फॉर्मकडे पाहिलं, अर्ध्या पाळकाकडे पाहिलं, आणि सही केली. सहीला काम म्हणत नाहीत. तरीही घड्याळवाल्यांपेक्षा ती दुप्पट मोठी केली. अर्धा पाळक काही तरी बोलायला गेला. कृतज्ञतेवर त्याच्याजवळ चाळीस मिनिटांचं तयार होतं. तिघांनी एकदम हात वर केले आणि तो थांबला.

मग चौघंही बाहेर तिसऱ्या बाकापाशी आले. वखारवाले म्हणाले की बुधवारी वखारीचा टेम्पो हॉस्पिटलला नेईन. घड्याळवाले म्हणाले की टेम्पोत खुब्याचं काय होईल ते बघा, मी टॅक्सी सांगतो. त्यावरून दोघांचं जुंपलं. वीस वर्षांत पहिल्यांदा भांडायला त्यांना कारण मिळालं होतं आणि दोघंही खुशीत दिसत होते.

"मला जरा पाणी देईल का कोणी?" मावशींनी विचारलं.

तिघं पंच आणि अर्धा पाळक एकदम मागच्या खोलीकडे धावले. पेले कुठे ठेवतात ते मात्र तिघा पंचांपैकी एकालाही माहीत नव्हतं.